रंकाळा ते बालिंगा: एका रस्त्याच्या रुंदीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात रंकाळा टॉवरपासून जावळाच्या गणपतीवरून फुलेवाडीकडे आणि तिथून पुढे बालिंग्याकडे जाणारा रस्ता सुधारायचा विषय निघाला, की बोलणे लगेच खड्डे, अतिक्रमण आणि वाहतुकीची कोंडी यांवर येते. ही तिन्ही दुखणी खरी आहेत. पण या रस्त्याने पायी जाणाऱ्या माणसाला धड चालायला जागा का उरली नाही, याचे उत्तर त्यांत मिळत नाही. ते मिळते 'रुंदी' या एका शब्दात. गेल्या काही दशकांत या रस्त्यावर जी जी कामे झाली, ती सगळी रुंदीच्या नावाने झाली; मात्र रुंदी म्हणजे नेमके काय मोजायचे, यावर एकदाही नीट एकमत झाले नाही.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. 1891 मध्ये मिरजेकडून रेल्वे आली ती शहराच्या पूर्वेला, आणि 1895 मध्ये गुळाची पेठ म्हणून शाहूपुरी वसली तीही त्याच बाजूला. पुढे राजारामपुरी आखली गेली तीही पूर्वेकडेच, सरळ गल्ल्या पाडून. पश्चिमेला मात्र तलाव, नदीकाठची मळई आणि उसाची शेते होती. त्यामुळे गंगावेशीतून बाहेर पडणारी ही वाट पेठेची न राहता शिवाराची राहिली. करवीर आणि पन्हाळ्याच्या गावांतून दूध, भाजी आणि माणसे शहरात आणणारा, पुढे गगनबावड्यावरून कोकणात उतरणारा हा रस्ता. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर आजही म्हशीचे धारोष्ण दूध मिळते, ते याच बाजूच्या गावांशी असलेल्या जुन्या देण्याघेण्यातून. कडेला झाडे, झाडांपलीकडे चर, चरापलीकडे शेताचा बांध अशी त्याची रचना होती. बैलगाडी, सायकल आणि चालणारा माणूस एकाच पट्ट्यातून जात, आणि वेग बेताचा असल्याने ते चालूनही जात असे. वेगळ्या पदपथाची गरज कोणाला भासली नाही, म्हणून त्याची जागाही कोणी राखून ठेवली नाही.

1972 मध्ये महापालिका झाली आणि त्यानंतरच्या काळात फुलेवाडी, बोंद्रेनगर, रिंग रोड हा पट्टा झपाट्याने भरला. त्यातला बराच भाग शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून उभा राहिला. जिथे रीतसर लेआउट झाला तिथे आतले रस्ते सुटले. जिथे गुंठेवारीने प्लॉट पडले तिथे प्रत्येकाने आपले दार मुख्य रस्त्याच्या जितके जवळ आणता येईल तितके आणले. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करण्याची वाट काढून दिली आणि हजारो कुटुंबांच्या दृष्टीने ती रास्तच होती. पण त्या कायद्याला मुख्य रस्त्याच्या कडेची गेलेली जागा परत आणता येणार नव्हती. घरांच्या पुढच्या खोल्यांची दुकाने झाली, दुकानांपुढे पायऱ्या आल्या, पायऱ्यांपुढे पत्र्याची शेड आली, आणि शेडपुढे गिऱ्हाइकाची मोटारसायकल उभी राहू लागली.

'रुंदी' या शब्दाचा घोळ समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. या रस्त्याला किमान तीन रुंद्या आहेत. पहिली विकास आराखड्यातली, म्हणजे नगररचनेच्या नकाशावर दोन समांतर रेघांनी दाखवलेली. ती भविष्यातली रुंदी असते; त्या रेघांच्या आत आज कोणाचे घर, कोणाचे कुंपण, कोणाची विहीर असू शकते. दुसरी ताब्यातली रुंदी, म्हणजे मोजणीनुसार जी जमीन खरोखर सार्वजनिक मालकीची आहे ती. तिसरी वापरातली, म्हणजे डांबर जिथे सुरू होते आणि जिथे संपते तेवढी. या तीन रुंद्या एकमेकींशी क्वचितच जुळतात. नागरिक आराखड्यातली रुंदी दाखवून अतिक्रमणाची तक्रार करतो, मालमत्ताधारक ताब्यातली रुंदी दाखवून आपली बाजू मांडतो आणि अभियंता वापरातली रुंदी धरून अंदाजपत्रक करतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि म्हणूनच बैठक संपते तेव्हा काही ठरलेले नसते.

पहिल्या रुंदीतून दुसरी मिळवायची तर जमीन संपादन करावी लागते. नगररचना कायद्यात आरक्षित जागा ठरावीक मुदतीत घेतली नाही तर मालकाला नोटीस देऊन ती सोडवून घेता येते, आणि 1 जानेवारी 2014 पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाल्यावर मोबदल्याची रक्कम महापालिकेच्या आवाक्याबाहेर गेली. रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची सोय आहे. परंतु ज्याचे अख्खे दुकानच दहा-बारा फूट खोलीचे आहे, त्याला कागदावरचा हक्क घेऊन पुढची चार फूट जागा सोडायला सांगणे सोपे नसते. म्हणून पहिली रुंदी नकाशातच राहते आणि सगळा जोर तिसरीवर येतो. ताब्यातली जमीन तेवढीच ठेवून डांबर रुंद करायचे, तर ते एकाच जागेतून रुंद होऊ शकते: चालणाऱ्याच्या पट्ट्यातून. चर बुजवून, साइडपट्टी खाऊन, झाडे काढून. आपण ज्याला 'रुंदीकरण' म्हणतो ते या रस्त्यावर बहुतांशी असे घडले आहे, असे माझे निरीक्षण आहे.

या घोळाला सगळ्यात मोठे रूप आले ते एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पात. 2008 मध्ये शहरातले सुमारे 49 किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा, हस्तांतर करा' तत्त्वावर एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले. प्रकल्पाची किंमत 220 कोटी रुपये धरली होती आणि तिच्या बदल्यात कंपनीला 30 वर्षे टोल घेता येणार होता. शहराच्या सर्व बाजूंनी मिळून नऊ नाके उभे राहिले, त्यांतला एक फुलेवाडीला. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी 2014 मध्ये नाक्यांची जाळपोळ झाली आणि 2015 च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. कंपनीला द्यायची 400 कोटींहून अधिक रकमेची भरपाई शासनाने उचलली. आपल्याच गावात शिरायला पैसे का मोजायचे, हा कोल्हापूरकरांचा प्रश्न होता. तो रास्त होता आणि त्या लढ्याचा अभिमान इथल्या माणसाला वाटतो, मलाही वाटतो.

मात्र त्या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट बाजूला पडली. टोल नको म्हणण्याचे एक ठळक कारण कामे अपुरी आहेत हे होते. विजेचे खांब रस्त्याच्या मध्ये तसेच आहेत, गटारी पुढे जोडलेल्या नाहीत, पदपथ अर्धवट आहेत, असे लोक सांगत होते, आणि ते डोळ्यांना दिसत होते. पण मूल्यांकनाचा वाद जसजसा वाढत गेला तसतसा तो कोटींच्या आकड्यांवर येऊन थांबला. किती किलोमीटर झाले, किती कोटींचे झाले, कंपनीला किती द्यायचे? पदपथ किती सलग झाला, तो कोणाला चालण्याजोगा आहे का, हा मुद्दा आंदोलनाच्या पहिल्या निवेदनांत जितका जिवंत होता तितका शेवटच्या हिशेबात राहिला नाही. वसुली थांबली, करार संपला, आणि त्याबरोबर अपुऱ्या पदपथाची जबाबदारी निश्चित एका पक्षाकडे असण्याची स्थितीही संपली. या एका परिणामाची चर्चा शहराने जितकी करायला हवी होती तितकी केली नाही.

शिवाय त्या काळात 'पदपथ' या शब्दाचाही अर्थ बदलला. आपल्याकडे पदपथ म्हणजे बहुधा चॅनेल गटरवर टाकलेली सिमेंटची झाकणे. खाली पाणी वाहते, वर माणसाने चालायचे. बांधणाऱ्याच्या दृष्टीने एकाच खर्चात दोन कामे होतात. पण गाळ काढण्यासाठी झाकण उचलले की ते पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही. एक कोपरा वर राहतो, दुसरा खाली जातो, आणि एखादे फुटले की तिथे फांदी रोवून ठेवली जाते, म्हणजे पाय जाऊ नये. फुलेवाडी नाक्याजवळ एका ठिकाणी मी टेप लावून पाहिला. विजेच्या डीपीच्या जाळीपासून कडेच्या दगडापर्यंत जेमतेम हात-दीड हात जागा होती. पादचारी सुविधांसाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे आणि पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये असेही म्हटले आहे. या मापाने पाहिले तर इथे सलग शंभर पावलेसुद्धा पदपथ सापडणे अवघड आहे.

त्यानंतरची वर्षे डागडुजीत गेली. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर टाकण्याची पद्धत असल्याने डांबर दर खेपेला थोडे वर आले, कडेचा दगड बुडाला, आणि काही ठिकाणी रस्ता दुकानांच्या उंबऱ्याच्या बरोबरीला पोहोचला. जिथे कडेचा दगडच उरला नाही तिथे वाहन पदपथावर चढवायला काहीच आडकाठी राहत नाही.

दुसरा गुंता हद्दीचा. महापालिकेचे क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर आहे आणि हद्दवाढीचा प्रश्न अनेकदा पेटूनही सुटलेला नाही. शहरातल्यांना हद्दवाढ हवी, लगतच्या गावांना कराच्या आणि जमिनीच्या काळजीने ती नको. 2017 मध्ये त्यावर तोडगा म्हणून शहराभोवतीच्या 42 गावांसाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले. रस्त्यापुरता त्याचा अर्थ असा की फुलेवाडीपर्यंत एक नियोजन यंत्रणा आणि पुढच्या गावांत दुसरी. त्यात गगनबावडा मार्गाला 166 जी हा राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक मिळाल्याने तिसरी यंत्रणा आली, आणि महामार्गाचे माप वेगळे: तिथे पहिला विचार वेगाचा आणि गाडीच्या वळणाचा होतो. शेतातून जाताना तो योग्यही असतो. पण वस्तीत शिरताना रस्त्याचा स्वभाव जिथे बदलायला हवा, नेमक्या त्याच ठिकाणी जबाबदारी एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाते, आणि वाहनचालकाला आपण आता गावात आलो हे सांगणारे रस्त्यात काहीच नसते.

सुरक्षेच्या बाजूने पाहिले तर कायदा गेल्या वीस वर्षांत बराच पुढे आला आहे. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्यायला सांगितले. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने हातगाडीवाल्यांना उठवण्याआधी त्यांचे सर्वेक्षण करून प्रमाणपत्रे देणे बंधनकारक केले. त्यामुळे पदपथ मोकळा करण्याचा अर्थ भाजीवालीला हाकलणे एवढाच राहिलेला नाही. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने सदोष रस्तारचनेसाठी बांधणाऱ्यावरही जबाबदारी टाकली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. देशात 2022 साली रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली आणि त्यांतली 32,825 पायी चालणारी होती, हे पाहता न्यायालयाला हे सांगावे लागले यात नवल नाही.

तरीही स्थानिक पातळीवर निधी मिळतो तो 'ब्लॅक स्पॉट'ला, आणि राष्ट्रीय महामार्गावर त्याची व्याख्या अशी आहे: सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. भरधाव मार्गावरची धोक्याची वळणे शोधायला ही व्याख्या उपयोगी आहे. वस्तीतल्या रस्त्यावर मात्र धोका एका वळणावर गोळा झालेला नसतो. तो दोन-तीन किलोमीटरभर पसरलेला असतो. कोणाचा पाय मुरगळतो, कोणाला दुचाकीचा आरसा लागतो, कोणी म्हातारे माणूस रस्ता ओलांडायची भीती वाटते म्हणून पलीकडच्या दवाखान्यात जायचेच टाळते. यातले काहीच पोलीस ठाण्याच्या नोंदीत येत नाही. म्हणून एखाद्या चौकाला धरून काम न करता संपूर्ण पट्टा एकत्र घ्यावा, ही मागणी इथे महत्त्वाची ठरते.

आणि या पट्ट्याला ऋतू आहेत, हे आराखडे करताना हमखास विसरले जाते. गळीत हंगाम सुरू झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर संध्याकाळनंतर ओळीने येतात. उसाची मोळी ट्रॉलीबाहेर दोन्ही बाजूंनी हातभर आलेली असते, मागे रिफ्लेक्टर असतोच असे नाही, आणि कडेने चालणाऱ्याला गटारीच्या झाकणावर चढून उभे राहावे लागते. पावसाळ्यात पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे निघाली, की कुठला मार्ग बंद आणि कुठला चालू यावर पश्चिमेकडच्या गावांचे दूध, रुग्ण आणि शाळा अवलंबून राहतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी ते पुरते दाखवून दिले. शिवाय जानेवारी 2024 मध्ये महामार्गाच्या कामासाठी बंद केलेल्या, गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटाचे रूप त्या कामाने पालटते आहे, आणि रुंद झालेल्या घाटातून येणारी जड वाहतूक अखेर याच फुलेवाडीच्या तोंडाशी उतरणार आहे.

फुलेवाडीत वडापची (खासगी प्रवासी वाहतुकीची) जीप किंवा केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस थांबते तिथे संध्याकाळी उभे राहिले तर नेमकी अडचण दिसते. उतरलेल्या बाईच्या हातात पिशवी असते, दुसऱ्या हातात पोर असते. ती अर्धा रस्ता ओलांडते आणि दुभाजकाशी अडते, कारण तो जेमतेम वीतभर रुंद आहे आणि त्यावर पाय टेकवून थांबता येत नाही. तिथे दोन माणसे उभी राहतील एवढा रुंद थांबा, बसथांब्यापासून तिथपर्यंत रस्त्याच्या पातळीपेक्षा थोडे उचललेले पांढरे पट्टे आणि दोन्ही कडांना सलग 1.8 मीटर मोकळी वाट, एवढे बसवायला आराखड्यातली सगळी रुंदी लागत नाही. जी जमीन आज ताब्यात आहे तीत ते बसते का, हे मोजणी करून पाहता येते. मात्र ती मोजणी डांबराच्या कडेपासून सुरू न करता दुकानाच्या पायरीपासून करावी लागेल.