पाठ आधी बघा : जुन्या जाहिरात-कार्डांचा माग आम्ही कसा काढतो (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आजोबांच्या ट्रंकेत, फडताळातल्या बिस्किटांच्या डब्यात किंवा जुन्या बाजारात घेतलेल्या वहीत चिकटवलेलं एखादं छोटं रंगीत कार्ड सापडतं. त्यावर देव, पहिलवान, नटी, लढाऊ जहाज, नाहीतर क्रिकेटपटू असतो. ते कुणी काढलं, कधी काढलं, कशासोबत फुकट दिलं, हे शोधून देणं हा आमचा धंदा. दुकान छोटं आहे, माणसं दोनच, त्यामुळे तुमचं कार्ड हाती येण्याआधी काही गोष्टी तुम्हाला ठाऊक असल्या तर दोघांचाही वेळ वाचतो.

पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो : "किती येतील?" त्याला कारणही आहे. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेलं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं एक कार्ड २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेलं, आणि ती बातमी फिरत फिरत सगळ्यांच्या फोनवर पोचली. आम्ही किंमत सांगत नाही. कार्ड कुठलं आणि कधीचं एवढंच सांगतो. खरं तर ते कळल्याशिवाय किमतीला काही अर्थही नसतो.

चित्रावर भुलू नका

कार्डाचं तोंड गिऱ्हाईक ओढण्यासाठी असतं, त्यामुळे ते आपल्यालाही ओढतं आणि चकवतं. हत्ती, अंबारी, काशीचे घाट दिसले की कार्ड हिंदुस्थानात निघालं असं वाटतं. युरोपातल्या लिबिग या मांसाचा अर्क विकणाऱ्या कंपनीनं १८७० च्या दशकापासून १९७५ पर्यंत हजारो कार्डं काढली, बहुतेक सहा-सहाच्या संचांत, आणि त्यांत हिंदुस्थानचे देखावेही होते. पाठीवर फ्रेंच, जर्मन किंवा इटालियन मजकूर असतो. ती साधारण १०.५ बाय ७ सेंटीमीटरची, म्हणजे सिगारेटच्या कार्डाहून बरीच मोठी. नेहमीचं सिगारेट कार्ड ६.७ बाय ३.६ सेंटीमीटरच्या आसपास असतं, कारण ते मुळात नरम पाकिटाला ताठपणा यावा म्हणून घातलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. चित्र त्यावर नंतर आलं. म्हणून फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा. निम्म्या कार्डांचं घराणं मापावरूनच कळतं.

दुसरा चकवा छापखान्याचा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जर्मनी' लिहिलेलं असतं आणि ग्राहक म्हणतात, जर्मन कंपनीचं कार्ड आहे. पहिल्या महायुद्धाआधी जगभरच्या व्यापाऱ्यांची रंगीत छपाई जर्मनीतून होऊन येई. शिवाय अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानं तिथं जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. म्हणजे ते नाव छपाईच्या जागेचं, कार्ड वाटणाऱ्याचं नव्हे. आपल्याकडेही तेच. 'रविवर्मा प्रेस' असं खाली वाचलं की लोक हरखतात. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९७२ मध्ये तो जळाला. इतक्या वर्षांत तिथं देवादिकांच्या तसबिरींबरोबर व्यापाऱ्यांची लेबलं आणि जाहिरातींचं कामही झालं. तेव्हा त्या नावावरून चित्र स्वतः रविवर्म्यांचं ठरत नाही, आणि सालही ठरत नाही. गाव 'मुंबई' लिहिलंय की 'मळवली', यावरून मात्र थोडं पुढं सरकता येतं.

आणखी एक. पाठीला जुना डिंक असेल आणि चित्राखाली ताग्याची लांबी किंवा नंबर लिहायला मोकळी जागा असेल, तर ते कार्डच नव्हे. तो कापडाच्या ताग्यावर लावायचा टिका. मँचेस्टरच्या गिरण्यांचा माल असे टिके लावूनच इकडे येई. तोही फार देखणा असतो, पण त्याचा शोध वेगळ्या वाटेनं जातो.

कोरी पाठ

आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांत अवघड कार्डांच्या पाठीवर काहीच नसतं. ग्राहकाला वाटतं, कोरी म्हणजे नकली. तसं नाही. १९०२ मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी जग वाटून घेतलं : ब्रिटन इंपीरियल टोबॅकोकडे, अमेरिका अमेरिकन टोबॅकोकडे, आणि बाकी बहुतेक सगळं नव्या ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोकडे. या बाकीच्यांत आपण होतो. एकच चित्रसंच मग वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या पाठींनी निघू लागला. कुठं विल्स कंपनीच्या 'सिझर्स' सिगारेटच्या छापाची पाठ, कुठं दुसऱ्या छापाची, आणि कुठं नुसतीच कोरी. नाव पाकिटावर होतंच, कार्डावर कशाला? पाकीट फेकलं गेलं, कार्ड राहिलं, आणि शंभर वर्षांनी आपण डोकं खाजवत बसलो.

अशा वेळी आम्ही चित्राचा संच शोधतो, आणि तो कुठल्या पाठींनी कुठं कुठं निघाला याची जुळणी लावतो. हिंदू देवदेवतांची कार्डं आली की पेनिन्शुलर टोबॅको कंपनी आठवतेच. मुंबईचा पत्ता आणि बिहारात मुंगेरला कारखाना असलेल्या या कंपनीनं १९०९ मध्ये तसा संच काढला होता. पण म्हणून देवाचं प्रत्येक कार्ड तिचं नव्हे. चौकटीची रेघ, शीर्षकाच्या अक्षरांचं वळण, क्रमांकाची जागा हे सगळं जुळलं तरच आम्ही नाव लिहून देतो. नाही जुळलं तर 'अमुक काळ, अमुक प्रदेश' इथं थांबतो. काही ग्राहक यावर नाराज होतात. होऊ देत.

अमेरिकन कार्डांचं सुख वेगळंच. तिथं तंबाखूवरच्या करापायी प्रत्येक कारखान्याला नंबर असे, आणि अनेक कार्डांच्या पाठीवर 'फॅक्टरी नं. २५, दुसरा जिल्हा, व्हर्जिनिया' असा मजकूर सापडतो. घरचा पत्ताच हाती येतो. त्यातून जेफरसन बर्डिक नावाच्या छांदिष्टानं सगळ्या कार्डांना अक्षर आणि आकडे देऊन सूची करून ठेवली. वर सांगितलेलं वॅग्नरचं कार्ड 'टी-२०६' म्हणून ओळखलं जातं ते त्यामुळेच. बर्डिकचा ३ लाखांहून जास्त नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला एडवर्ड व्हार्टन-टायगर यांचा संग्रह तर १० लाखांच्या वर जातो.

पैसे, पत्ता आणि सात वर्षं

देशी कार्डांना असा कुणी बर्डिक भेटला नाही, पण त्यांच्या पाठी बोलक्या असतात. किंमत किंवा 'इतकी वेष्टनं पाठवा, सोबत इतक्याची तिकिटं' असं काही छापलेलं असेल तर ते अक्षर न् अक्षर वाचा. आणे असतील तर कार्ड बहुधा १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. 'न. पै.' (नये पैसे) असेल तर आम्हाला आनंदच होतो. 'नया' हा शब्द १ जून १९६४ ला गळाला, म्हणजे कार्ड जेमतेम सात वर्षांच्या खिडकीत बसतं. गोव्यातलं कार्ड असेल आणि एस्कुदो (पोर्तुगीजांचं चलन) दिसले तर खिडकी त्याहून अरुंद, १९५९ ते पोर्तुगीज गेले त्या सुमाराची.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं. उलट मात्र धरू नका. 'मुंबई-२' असं नुसतं लिहिणारे दुकानदार पुढंही खूप वर्षं होते. असणं हा पुरावा, नसणं हा नव्हे.

थम्स अपच्या बुचांवर मिळालेल्या क्रिकेटच्या फ्लिपबुका आणि बिगफन बबलगमची धावा-विकेट छापलेली चित्रंही लोक आणतात, थोडं लाजत. लाजू नका, त्यांनाही आता वय झालं. थम्स अप १९७७ मध्ये आलं आणि १९९३ मध्ये पार्लेकडून कोका-कोलाकडे गेलं, तेव्हा मागे 'पार्ले' दिसलं की दोन्ही टोकं बांधली जातात.

भिंग आणि टॉर्च

दहापट मोठं दाखवणारं भिंग घरात असेल तर रंग बघा. जुन्या शिळाछापात ठिपके हातानं टाकलेले, लहानमोठे, वेडेवाकडे असतात आणि रंगांचे थर दहाच्याही पुढं जातात. आजच्या ऑफसेटमध्ये चारच रंगांच्या ठिपक्यांची फुलांसारखी सारखी नक्षी दिसते. १९१० चं म्हणून घेतलेल्या कार्डात अशी फुलं दिसली तर ती बहुधा पुनर्छपाई.

नोटा तपासायची यूव्ही टॉर्चही चालते. कागदात उजळपणासाठी घालायची रसायनं १९५० च्या सुमारास रुळली, त्यामुळे त्याआधीचा कागद टॉर्चखाली सहसा मंद राहतो आणि नंतरचा निळसर पांढरा झळकतो. एका बाईंचं कार्ड असंच झळकलं, आणि आम्ही ते नवं ठरवायच्या बेतात होतो. मग त्या म्हणाल्या, "मी धुण्याच्या पावडरीच्या फडक्यानं पुसलं हो जरा." तीच रसायनं पावडरीत असतात. म्हणून विनंती : कार्ड पुसू नका.

वहीतून सोलूही नका. इथं आमचीच एक चूक सांगतो. केशतेलाच्या एका कार्डावर नऊवारीतली बाई होती, कार्ड वहीत घट्ट बसलेलं. लुगड्यावरून, दागिन्यांवरून आम्ही '१९३० च्या सुमाराचं' असं लिहून दिलं. ग्राहकाच्या शाळकरी मुलानं पानामागून टॉर्च धरली, आणि उलट्या अक्षरांत 'न. पै.' उजळलं. पैसे परत केले. तेव्हापासून चिकटवलेलं प्रत्येक पान आम्ही आधी उजेडावर धरतो.

पाठवताना

आधी फोटो पाठवा : तोंड, पाठ, चारही कडा, सोबत फूटपट्टी. कडांना कात्री लागली असेल तर मापावर विसंबता येत नाही, म्हणून त्या हव्यात. कार्ड कुठं सापडलं, त्यासोबत आणखी काय होतं, घरात कोण कुठं नोकरीला होतं, तेही चार ओळींत लिहा. पलटणीतला पणजोबा किंवा गोदीतला मामा यांच्यामुळे आमचा आठवड्याचा शोध दुपारी संपल्याचं झालंय. फोटो बघून पहिलं मत देतो, त्याचे पैसे घेत नाही.

कार्ड मागवलं तरच पाठवा. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, बटर पेपरात गुंडाळून. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावा, कार्डाला नको. वहीत असेल तर वही आख्खीच पाठवा, कसर लागलेली असली तरी चालेल, फक्त तसं पाकिटावर लिहा म्हणजे आम्ही ती इतरांच्या कागदांपासून दूर उघडू. जून ते सप्टेंबर शक्यतो टपालानं नको.