पाच सेंटीमीटरच्या माणसासाठी जंगल

दिवाळीच्या किल्ल्यावर उगवलेलं अळीव छान दिसतं. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी 'जंगल' म्हणून खोचलेली तुळशीची डहाळी मात्र खोटी वाटते. वनस्पती दोन्ही खऱ्या, फरक मापाचा. मावळा १० सेंटीमीटर उंच असेल तर प्रमाण साधारण १:१७ पडतं. चार सेंटीमीटरचं अळीव त्याच्या गुडघ्याच्या वर येतं, म्हणजे पावसानंतर माजलेलं गवत झालं. तुळशीचं तीन सेंटीमीटरचं पान मात्र अर्धा मीटर लांबीचं होतं. सागाला शोभेल एवढं पान काडीएवढ्या झुडपाला लागलेलं डोळ्याला लगेच खटकतं. खरं झाड वापरलं की देखावा खरा दिसतो, हा समज इथेच मोडतो.

लहान पुतळ्यांचे देखावे करणाऱ्यांत १:३५ हे प्रमाण खूप चालतं. १७० सेंटीमीटरचा माणूस त्यात जेमतेम पाच सेंटीमीटरचा होतो. लांबी-रुंदी सगळेच मोजतात. जाडी सहसा कोणी मोजत नाही, आणि पान बिघडतं ते जाडीमुळे. झेरॉक्सचा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याला ३५ ने गुणा. साडेतीन मिलिमीटर! एवढ्या जाडीचं पान म्हणजे प्लायवुडची फळीच. स्वयंपाकघरातली पातळ ॲल्युमिनियम फॉइल सुमारे ११ मायक्रॉनची, म्हणजे ०.०११ मिलिमीटरची असते. तिला ३५ ने गुणलं की आकडा ०.४ मिलिमीटरच्या आत येतो, आणि तो खऱ्या पानाच्या अगदी जवळचा आहे.

सह्याद्रीतली रानकेळ घेऊ. पावणेदोन मीटरचं पान इथे ५० मिलिमीटरचं, रुंदी १३ मिलिमीटर. फॉइलचा तुकडा सपाट करा, त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा पातळ हात द्या आणि टिश्यू पेपरचा एकच पदर सुटा करून चिकटवा. दोन्ही बाजूंनी फॉइल लावण्याचा मोह टाळा. पाण्यात विरघळणारा गोंद पाणी उडाल्यावरच घट्ट होतो आणि धातूतून वाफ बाहेर पडत नाही. मधला गोंद दिवसेंदिवस ओला राहतो आणि पान वाकवलं की पदर सुटतात. टिश्यूच्या बाजूने तो तासाभरात वाळतो, शिवाय रंग धरायला खरखरीत पृष्ठभाग मिळतो. फॉइलचं काम वेगळं आहे. धातू वाकवला की वाकलेलाच राहतो. नुसता कागद परत उसळी घेतो आणि दमट हवेत ढिला पडतो.

मधल्या शिरेसाठी अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार पॉलिश पेपरवर घासून टोकाकडे निमुळती करावी. जुन्या माऊसपॅडवर पान ठेवून रिकाम्या रिफिलने शिरा ओढाव्यात. केळीच्या शिरा मधल्या दांड्यापासून जवळजवळ काटकोनात निघतात, एकमेकींना समांतर धावतात आणि कडेला किंचित टोकाकडे वळतात. वाऱ्याने पान फाटतं ते याच रेषांवर, म्हणून चिराही शिरेच्या दिशेनेच द्यायच्या. शिरांना छेदणारी चीर दिली की पान कात्रीने कापल्यासारखं दिसतं. आणखी एक चूक फार दिसते: रानकेळीभोवती पिल्लांचं बेट करणं. बागेतल्या केळीला पिल्लं फुटतात, रानकेळीला नाही. ती बीपासून येते, कड्याकपारीत एकटी उभी राहते, आणि तिचा बुंधा खाली चांगलाच फुगीर असतो.

रंगात घोटाळा होतो तो बाटलीतला हिरवा तसाच लावल्यामुळे. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषतं आणि हिरवाही बराचसा गिळतं, त्यामुळे खरं पान आपल्याला वाटतं त्याहून काळपट आणि पिवळसर असतं. हिरव्यात पिवळी माती आणि लालचा एक ठिपका मिसळा. उजळ करायला पांढरा नको, त्याने पान खडूसारखं होतं, पिवळा घ्या. पानाची खालची बाजू फिकट ठेवा. वरच्या थरातल्या उभ्या पेशींत हरितद्रव्य दाटलेलं असतं, खालच्या थरात हवेच्या पोकळ्या असतात आणि त्या प्रकाश विखुरतात.

आता झाडं लावायची कुठे? 'जंगल' शब्दाच्या मुळाशी संस्कृत 'जांगल' आहे आणि आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कमी पाण्याचा, विरळ झाडीचा प्रदेश. शब्दाचा अर्थ पुढे पार उलटला आणि आज जंगल म्हटलं की आपण जमिनीपासून शेंड्यापर्यंत हिरवं भरत सुटतो. सदाहरित जंगलात शेंड्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा एक-दोन टक्के भाग तळाशी पोचतो. तिथे गवत उगवत नाही. जमीन तपकिरी असते, पाचोळ्याची. चालता येणार नाही अशी दाटी असते ती कडेला: ओढ्याकाठी, वाटेलगत, झाड पडून मोकळ्या झालेल्या जागी. म्हणून रानकेळ उजेडातल्या खडकावर लावावी, आत खोडं, वेली, थोडे नेचे आणि भरपूर पाचोळा. पाचोळ्याला चहाचा चोथा उत्तम. धुऊन कडक वाळवलेला चोथा दोन मिलिमीटरचा असला तर प्रमाणात सात सेंटीमीटरचं पान होतं, तेही आपोआप मुरडलेलं. ओलसर राहिला तर मात्र आठवड्यात बुरशी येते.

खरी वनस्पती जशीच्या तशी चालते ती म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर येणारं मखमली शेवाळ, मॉस. त्याची पानं बहुधा एकाच पेशीएवढी जाड असतात. जंगलातून ते खरवडून आणू नये. गच्चीच्या कठड्यावर हवं तेवढं मिळतं. नुसतं वाळवलं तर ते आक्रसतं आणि बोट लागताच चुरा होतं, कारण पेशी फुगवून ठेवणारं पाणी उडून गेलेलं असतं. पाण्याच्या जागी न उडणारं काही भरायचं तर औषधाच्या दुकानात मिळणारं ग्लिसरीन योग्य. ते २९० अंशांना उकळतं, म्हणजे घरच्या तापमानाला जवळजवळ उडतच नाही. त्याच्या प्रत्येक रेणूत तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. झाडाची फांदी असती तर देठ द्रावणात बुडवून दोन-तीन आठवडे थांबावं लागलं असतं. मॉसच्या पानांवर मेणाचा जाड थर नसतो, त्यामुळे ते सगळ्या अंगाने पितं. माती धुऊन, दहा मिनिटं ६० अंशांच्या पाण्यात ठेवून किडे घालवा. मग एक भाग ग्लिसरीन, दोन भाग कोमट पाणी आणि थोडा हिरवा रंग यात रात्रभर बुडवा. सकाळी पिळून सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. रंग लागतोच, कारण हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून गेला की ते तपकिरी होतं. मेथी फार शिजली की तिचाही रंग असाच जातो.

एकास दोन हे प्रमाण परदेशी पुस्तिकांत असतं आणि कोरड्या हवेत ते बरोबर आहे. मुंबईत किंवा कोकणात जुलै आला की देखाव्याला घाम फुटतो: मॉसवर चिकट थेंब, तळाचा रंग सुटलेला, लोखंडी तार गंजलेली. ग्लिसरीन किती पाणी धरेल हे ते स्वतः ठरवत नाही, हवेची आर्द्रता ठरवते. द्रावणातून उडणारं पाणी आणि हवेतून येणारं पाणी सारखं होईपर्यंत देवाणघेवाण चालू राहते. ५० टक्के आर्द्रतेला १०० ग्रॅम ग्लिसरीन साधारण पंचवीस-तीस ग्रॅम पाणी धरून थांबतं. ८० टक्क्यांना जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं. ९० टक्क्यांना दुपटीच्या आसपास. वाढ सरळ रेषेत होत नाही, शेवटच्या टप्प्यात ती एकदम उसळते. एवढं पाणी मॉसच्या पेशींत मावत नाही, ते बाहेर येतं. मग विरळ झालेल्या गोड द्रावणावर बुरशीचंही फावतं.

म्हणून किनारपट्टीवर एकास चार प्रमाण ठेवावं. मॉस थोडं कडक राहतं, पण गळत नाही. बाहेर काढल्यावर एकदा साध्या पाण्यातून पटकन फिरवून घेतलं की पृष्ठभागावरचं ग्लिसरीन जातं आणि गोंद धरतो.

असं टिकवलेलं मॉस भिंतीवर लावण्यासाठी 'हवा शुद्ध करणारं' म्हणून विकलं जातं. त्यावर विश्वास ठेवू नये. ते मेलेलं असतं. प्रकाशसंश्लेषण बंद, ऑक्सिजन शून्य.

देखावा तयार झाला की तो ॲक्रिलिकच्या बंद पेटीत ठेवावा, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलची पुडी. काटा ५० ते ६० टक्क्यांत हवा. पुड्या जास्त झाल्या तर ग्लिसरीनमधलंही पाणी ओढलं जातं आणि मॉस पुन्हा ठिसूळ होतं. रंग बदललेली जेल ट्रेमध्ये पसरून १२० अंशांवर दोन तास तापवली की परत वापरता येते. निळ्या जातीत कोबाल्टचा विषारी क्षार असतो, तेव्हा नारिंगी जात घ्यावी.