कार्ड दिसत नाही? बोर्ड पाठवण्याआधी एवढं वाचा

आमच्या डेटा लॉगरचे (आपोआप नोंदी ठेवणाऱ्या यंत्राचे) ग्राहक आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बांधणारे यांच्यासाठी

“जुन्या बोर्डात मेमरी कार्ड चालतं, नव्यात तेच कार्ड दिसत नाही. सॉकेट गेलंय, बदलून द्या.” हा फोन आम्हाला गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांतून येतो, मालीम आणि कुटबणच्या जेटीवरून येतो, फर्मागुडीला प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांकडूनही येतो. काणकोणहून कोणी खास बोर्ड घेऊन येतं आणि आमच्या टेबलावर सॉकेट ठणठणीत निघतं. हेलपाटा तुमचा आणि वेळ दोघांचा जातो.

सॉकेटात कार्ड आहे की नाही हे सांगणारी एक छोटी कळ असते. तिची पिन म्हणजे कार्ड डिटेक्ट. आमच्या जुन्या ‘बी’ बोर्डावर कार्ड आत गेलं की ही कळ ग्राउंडला जोडली जाते, म्हणजे पिन लो होते. नव्या ‘सी’ बोर्डावर बरोबर उलट: सॉकेट रिकामं असताना कळ जोडलेली असते, कार्ड घातलं की ती सुटते आणि पुल-अप रेझिस्टर पिन ३.३ व्होल्टवर ओढतो. प्रोसेसर तोच, कंट्रोलर तोच, ड्रायव्हरही तोच. फरक फक्त या एका पिनच्या अर्थात आहे आणि तो डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कोणती पिन कशासाठी हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगणाऱ्या यादीत, लिहिलेला असतो.

आमच्या मूळ इमेजमध्ये (बोर्डावर उतरवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये) याची काळजी तुम्हाला घ्यावी लागत नाही. बोर्ड ‘बी’ की ‘सी’ हे ओळखण्यासाठी त्यावर दोन रेझिस्टर आहेत. बूटलोडर (बोर्ड सुरू करणारा पहिला प्रोग्राम) ते वाचतो आणि योग्य डीटीबी, म्हणजे डिव्हाइस ट्रीची तयार फाईल, निवडतो. घोटाळा होतो तो तुम्ही स्वतःची इमेज बांधता आणि बूट स्क्रिप्टमध्ये ‘बी’च्या डीटीबीचं नाव ठोकून देता तेव्हा. ‘बी’वर काम चोख चालतं. मग नवे बोर्ड मागवता, ते ‘सी’ असतात, तीच इमेज त्यांच्या ईएमएमसीवर (बोर्डावरच सोल्डर केलेल्या मेमरीवर) उतरवता. आता कार्ड घातलं की कर्नल म्हणतो सॉकेट रिकामं आहे, आणि कार्ड काढलं की रिकाम्या सॉकेटात कार्ड शोधू लागतो.

हे ओळखणं सोपं आहे. बोर्ड चालू करून कार्ड घाला आणि कर्नलचा लॉग पाहा. एकही ओळ उमटली नाही तर आधी कार्ड डिटेक्टवर संशय घ्या. लॉगमध्ये उणे ११० हा कोड म्हणजे टाइमआउट किंवा उणे ८४ म्हणजे सीआरसीची (डेटा बिनचूक आला का या तपासणीतली) चूक दिसत असेल तर कर्नलला कार्ड कळलेलं आहे, भानगड पुढे आहे. सुरुवातीची ओळखपरेड एकाच डेटा लाइनवर आणि जास्तीत जास्त ४०० किलोहर्ट्झवर होते. त्यामुळे कार्ड ओळखलं जातं पण वाचताना अडखळतं, असं असेल तर डिव्हाइस ट्रीत बस-विड्थ (डेटा लाइनची संख्या) चार लिहून बाकीच्या तीन डेटा लाइन जोडायच्या राहिल्यात का ते पाहा. स्वतःचा बेसबोर्ड करणाऱ्यांकडे हे हमखास सापडतं.

मल्टिमीटर असेल तर आणखी बरं. वीज बंद करा, मीटर बीपवर ठेवा, एक टोक सॉकेटशेजारच्या टेस्ट पॅडवर आणि दुसरं ग्राउंडवर. कार्ड घातल्यावर बीप सुरू झाला तर ‘बी’, थांबला तर ‘सी’. दोन्ही वेळा काहीच बदललं नाही तर मात्र कळ खरंच गेलेली असू शकते. तेव्हा बोर्ड जरूर पाठवा.

दुरुस्ती करताना लोक इथेच फसतात. डिव्हाइस ट्रीत या पिनचा (जीपीआयओचा) ध्वज, म्हणजे फ्लॅग, ॲक्टिव्ह-लोवरून ॲक्टिव्ह-हाय करतात आणि खबरदारी म्हणून ‘सीडी-इन्व्हर्टेड’ (कार्ड डिटेक्टचा अर्थ उलटा) हेही लिहून टाकतात. सदरा दोनदा उलटा केला की सरळच होतो. पिन पुन्हा लो असतानाच कार्ड आहे असं ठरतं आणि तुम्ही होता तिथेच. ‘सी’साठी फक्त ॲक्टिव्ह-हाय पुरे.

‘ब्रोकन-सीडी’ (कार्ड डिटेक्ट चालत नाही) असं लिहून मोकळं होणारेही आहेत. कार्ड दिसतं, पण मग कर्नल दर सेकंदाला सॉकेटात डोकावत राहतो. बॅटरीवरच्या लॉगरला ते परवडत नाही. ‘नॉन-रिमूव्हेबल’ तर सोल्डर केलेल्या ईएमएमसीसाठी आहे. काढ-घाल करायच्या सॉकेटाला ते लावलंत तर कार्ड बदलल्याचं कर्नलला कळणारच नाही.

ड्रायव्हरमध्येच बोर्ड ओळखून दोन वाटा का केल्या नाहीत, असं काहीजण जरा रागानेच विचारतात. आमच्या बोर्डावर ईएमएमसी आणि वायफायही त्याच ड्रायव्हरवर चालतात. कार्डासाठी ठोकलेलं ठिगळ त्यांनाही लागतं आणि कर्नलच्या प्रत्येक अपडेटला ते पुन्हा शिवावं लागतं. पिनांची माहिती डिव्हाइस ट्रीतच शोभते.

आणि सॉकेट बदललंच का? २०२१ मध्ये सुट्या भागांची टंचाई होती, मिळेल ते बसवावं लागत होतं, हे खरं. पण पुढे जुनं सॉकेट मिळू लागल्यावरही आम्ही ‘सी’च ठेवला, तो आपल्या हवेसाठी. ट्रॉलरवर खाऱ्या वाऱ्याने त्या कळीच्या पत्तीवर हिरवा गंज चढतो आणि ती जोडायची बंद होते. ‘बी’वर याचा अर्थ ‘कार्ड नाही’, म्हणजे लॉगिंग बंद. ‘सी’वर याचा अर्थ ‘कार्ड आहे’, आणि नोंदी चालू राहतात. कार्ड काढल्याचं लगेच कळत नाही एवढाच तोटा. शीतगृहवाल्यांना आणि बोटवाल्यांना आम्ही ‘सी’च सुचवतो, शक्यतो वरून कोटिंग करून.

फोन करण्याआधी बोर्डाच्या मागे सॉकेटखाली छापलेलं अक्षर पाहून ठेवा, आणि चालू बोर्डावर प्रॉकमधल्या (/proc) डिव्हाइस-ट्री फोल्डरातली मॉडेल फाईल काय म्हणते तेही. दोन्ही जुळत नसतील तर फोनची गरजच नाही: आमची बूट स्क्रिप्ट मागवा, ती ग्राहकांना मोफत मिळते. तुमची इमेज दोन्ही आवृत्त्यांवर तपासून हवी असेल तर तेही करून देतो, त्याचं शुल्क वेगळं. बोटीवरच्या लॉगरना कोटिंग करायचं असेल तर १ जूनला मासेमारी बंदी सुरू झाली की लगेच पाठवा. ३१ जुलै जवळ आला की सगळ्यांनाच घाई असते आणि तेव्हा आम्ही तारीख देऊ शकत नाही.