टॉवर उघडण्याआधीचं उड्डाण : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी लांबली, 2022 मध्ये रात्रीच्या उड्डाणांना परवानगी मिळाली, 2024 मध्ये नवं टर्मिनल उघडलं. तरी भल्या पहाटे खासगी विमानानं निघायचं म्हटलं की गाडी अडते ती नियंत्रण टॉवरच्या ‘वॉच अवर्स’पाशी, म्हणजे तिथे नियंत्रक हजर असण्याच्या ठरलेल्या वेळेपाशी. आपल्याकडच्या छोट्या विमानतळांवर टॉवर बंद म्हणजे विमानतळच बंद. त्याआधी निघायचं असेल तर वेळेची मुदतवाढ अगोदर मागायची, तशी नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) निघायची आणि नियंत्रक लवकर ड्युटीवर यायचा.

अमेरिकेत हे असं झालं नाही, टॉवर बंद असतानाही तिथे विमान निघू शकतं, कारण तिथे मार्गाचं नियंत्रण आणि टॉवर वेगवेगळ्या घरांत वाढले. डिसेंबर 1935 मध्ये विमान कंपन्यांनीच न्यूअर्कला मार्गनियंत्रण केंद्र काढलं आणि 1936 मध्ये सरकारनं ते ताब्यात घेतलं. टॉवर मात्र आणखी काही वर्षं विमानतळ चालवणाऱ्या शहरांकडेच होते. त्यामुळे ढगांतून जाण्याचा क्लिअरन्स, म्हणजे नियंत्रकाची परवानगी, मुळात दूरच्या केंद्राचा. टॉवर फक्त तो वाचून दाखवणार. टॉवर झोपलेला असला तर वाचणारा दुसरा शोधायचा, एवढंच. कोल्हापूरचा विमानतळ 1939 सालचा, संस्थानी काळातला. पण स्वातंत्र्यानंतर देशात मार्ग आणि टॉवर ही दोन्ही कामं एकाच केंद्रीय छत्राखाली आली, आणि वेगळा वाचणारा शोधायची वेळच आली नाही.

अमेरिकेतला हा ‘दुसरा’ बदलत गेला. आधी वैमानिकांना हवामान सांगणारी स्थानिक माहिती केंद्रं होती. 1980 च्या दशकात ती मोठ्या संख्येनं एकत्र केली गेली आणि 2005 मध्ये बहुतेक काम कंत्राटावर गेलं. मधल्या काळात काही धावपट्ट्यांवर एक पेटी बसवली. माइकचं बटण चार वेळा दाबलं की नियंत्रकाला फोन लागायचा, सहा वेळा दाबलं की माहिती केंद्राला. मोबाइलनं ती पेटी अडगळीत टाकली. आता बऱ्याच ठिकाणी वैमानिक थेट नियंत्रकाच्या कार्यालयाला फोन करतो.

खरा वाद मात्र ‘व्हॉइड टाइम’चा, म्हणजे क्लिअरन्स रद्द होण्याच्या वेळेचा. फोनवर मार्ग, उंची, फ्रिक्वेन्सी, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड सांगून झाला की नियंत्रक बजावतो: आता 6:05 झालेत, 6:15 च्या आत उडाला नाहीत तर क्लिअरन्स रद्द, आणि 6:45 च्या आत काय ते कळवा. बरोब्बर 6:15 ला चाकं उचलली तरी उशीरच; नियमाप्रमाणे इतर विमानांपासूनच्या अंतराची हमी तेव्हा संपलेली असते. पुढच्या अर्ध्या तासात काहीच कळलं नाही तर विमान बेपत्ता धरून शोध सुरू. तोवर त्या विमानतळावर ढगांतून येणारं-जाणारं दुसरं विमान थांबून राहतं. इंजिन गरम व्हायला वेळ लागला म्हणून एकानं दहा मिनिटं घालवायची आणि वर दुसऱ्यानं घिरट्या मारत इंधन जाळायचं, ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही. पण जमिनीवर बघणारं कुणी नसताना घड्याळाशिवाय दुसरा पहारेकरी आणायचा कुठून? वेळ जवळ आली म्हणून घाईनं धावपट्टीवर जाणं, किंवा क्लिअरन्स वर गेल्यावर घेऊ म्हणत ढगांखालून निघणं, हे दोन्ही मोह याच पद्धतीनं दिले. मला दुसरा जास्त घातक वाटतो. डोंगर ढगात असले की वर जायला जागाच उरत नाही.

फोनवर क्लिअरन्स घेण्याची हीच सोय उजळाईवाडीला आणा, असं म्हणणं सोपं आहे. पण इथे फ्लाइट प्लॅनसोबत हवाई संरक्षणाचा क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक लागतो. विमानसेवेची विमानं पहाटे सोडायची तर अग्निशमनाची गाडी आणि तपासणीची माणसंही त्या वेळी हजर हवीत. क्लिअरन्स फोनवर मिळाला तरी ही पाळी लवकर लावावी लागेलच. खासगी छोट्या विमानापुरता वेगळा विचार करता येईल. तो अजून कुणी गांभीर्यानं केल्याचं दिसत नाही.