सरांना आत्ता फोन करू का? या भीतीची पार्श्वभूमी

रात्री दोनला फुरसं (विषारी साप) चावलेला पेशंट येतो, वीस मिनिटं झाली तरी काचेच्या नळीतलं रक्त गोठलेलं नाही, म्हणजे विष भिनलंय, आणि इंटर्न, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, हातात मोबाईल धरून उभा, सरांना उठवायचं धाडस होत नाही. हा काय त्या पोराचा स्वभाव नाही हो, ही भीती शिकवलेली आहे आणि बरीच जुनी आहे.

1889 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं, तिथे हॅल्स्टेड नावाच्या सर्जनने रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलात काम करत डॉक्टरांनी शिकायच्या पद्धतीची, जी घडी बसवली त्यात खाली बरेच जण आणि वर पोचणार एखाददुसरा, मग "मला येत नाही" कोण म्हणणार? आपल्याकडे युनिट हेड, लेक्चरर, रजिस्ट्रार, हाऊसमन अशी उतरंड झाली आणि राउंडला सगळ्यांसमोर "एवढं पण येत नाही?" हे ठरलेलं वाक्य.

1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात लिबी झायन ही 18 वर्षांची मुलगी दगावली, तिला रात्रभर बघणारे दोघेही ट्रेनी होते आणि सीनियर फक्त फोनवर. 1989 पासून तिथे आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. लोकांना हे तासच लक्षात राहतात, पण सीनियर हजर हवा ही त्यातली दुसरी अट मला जास्त मोलाची वाटते. पुढे एमी एडमंडसन या अभ्यासक बाईंना हॉस्पिटलांत दिसलं की चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदल्या जातात, कारण तिथे माणसं बोलतात.

आता आपलं कोकण. 1976 मध्ये महाडजवळ बिरवाडीला डॉ. हिंमतराव बावस्कर आले तेव्हा विंचूदंशावर खात्रीचा इलाजच नव्हता, विचारणार कुणाला, त्यांनी एकट्याने पेशंट बघून बघून तो शोधला. अभिमान आहेच, पण तो इलाज सापडेपर्यंत किती पोरं गेली हेही आठवतं. आज डेरवण, ओरोस, अलिबाग, रत्नागिरी सगळीकडे मेडिकल कॉलेज आहे, पीजीच्या (एमबीबीएसनंतर पुढे शिकणाऱ्या) पोरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, म्हणजे विचारायला माणूस आहे. कॉलेजं नवी आहेत तोवरच बिनधास्त विचारायची रीत पाडता येईल.

मी इंटर्न असताना आमच्या मॅडमनी वॉर्डच्या फळ्यावर साप चावलेल्या पेशंटसाठी लिहून ठेवलं होतं: पापणी पडायला लागली, लघवी कमी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, किंवा नुसतं काहीतरी बरोबर वाटत नाहीये, तर कितीही वाजता फोन. खाली त्यांचा नंबर. मी पहिल्याच नाईटला लावला, पलीकडून आवाज आला, "हां, सांग बाळा."