कटिंग अश्वप्रशिक्षण
कटिंग अश्वप्रशिक्षण : गुरांच्या कळपातून एक जनावर वेगळे काढणे व ते पुन्हा कळपात मिसळू न देणे, हे काम घोड्याला शिकविण्याची विद्या आणि तिच्यावर उभा राहिलेला व्यवसाय. तिचे मुख्य क्षेत्र अमेरिकेतील टेक्सस राज्य असून रेनिंग व रेन्ड काउ हॉर्स या अन्य वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या पद्धतीच्या, अश्वक्रीडांशी तिचे जवळचे नाते आहे. त्या दोहोंत स्वार लगामाने घोड्याला दिशा देतो. कटिंगमध्ये मात्र जनावर वेगळे निघाले की स्वाराने लगामाचा हात घोड्याच्या मानेपाशी खाली टेकवायचा आणि पुढची प्रत्येक हालचाल घोड्याने स्वतःच्या समजुतीने करायची असते. प्रशिक्षकाच्या कामाचे सारे वेगळेपण या एका अटीतून निघते.

या कौशल्याच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार ते टेक्ससच्या खुल्या कुरणांतील गरजेतून जन्मले. कुंपण नसल्यामुळे अनेक मालकांची गुरे एकत्र चरत. वसंतात व शरदात ती गोळा करून वासरांना डाग देण्यासाठी किंवा विक्रीसाठी निवडून काढावी लागत, आणि कळप न उधळता त्यात शिरणारा घोडा रँचवर, म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण वाडीवर, सर्वांत मोलाचा ठरे. दुसऱ्या मतानुसार ही पद्धत स्पॅनिश अमलाखालील मेक्सिकोतील वाकेरो, म्हणजे घोडेस्वार गुराखी, यांच्याकडून उत्तरेकडे आली. अर्जेंटिनातील आपार्ते कांपेरो या खेळातही कळपातून जनावर वेगळे काढले जाते, हे या मताला पूरक आहे. ऑस्ट्रेलियातील कॅम्पड्राफ्टिंग या, घोड्यावरून कळपातील जनावर वेगळे काढून हाकण्याच्या, खेळाची पहिली रीतसर स्पर्धा टेंटरफील्ड येथे १८८५ मध्ये झाल्याचे सांगितले जाते; ते मान्य केल्यास अशी स्पर्धा भरविण्याचा पहिला मान टेक्ससला देणे अवघड होते. या साऱ्यावरून असे म्हणणे अधिक सुरक्षित वाटते की, कळपात घोडा घालण्याची रीत वाकेरोंची असावी, पण मोकळ्या लगामाचा आग्रह टेक्ससमध्ये दृढ झाला. रँचवर तो चांगल्या घोड्याचा अभिमानाने सांगण्याचा गुण होता. स्पर्धेत त्याचा नियम झाला.

जोसेफ ग्लिडन यांना १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट मिळाल्यानंतर खुली कुरणे झपाट्याने बंदिस्त झाली आणि हे कौशल्य हळूहळू रिंगणाकडे वळले. टेक्ससमधील हॅस्केल येथे १८९८ साली भरलेल्या काउबॉय मेळाव्यातील स्पर्धा ही बक्षिसासाठी झालेली पहिली जाहीर कटिंग स्पर्धा मानली जाते. सॅम ग्रेव्ह्ज या स्वाराने ओल्ड हब या २२ वर्षांच्या घोड्यावर ती जिंकली व १५० डॉलर मिळविले, अशी परंपरागत हकीकत आहे. तिचा गाभा खरा धरण्यास हरकत नसली, तरी घोड्याचे वय व बक्षीस यांविषयी थोडे सावध राहणे बरे. नॅशनल कटिंग हॉर्स असोसिएशन ही संस्था १९४६ मध्ये फोर्ट वर्थ येथे स्थापन झाली. तिच्या स्थापनेनंतर नियमांना एकरूपता आली.

आजच्या नियमांनुसार स्वाराला अडीच मिनिटे मिळतात. त्या वेळात त्याने किमान एक जनावर कळपाच्या आत खोल शिरून बाहेर काढले पाहिजे. मदतीला चार घोडेस्वार असतात : दोघे कळप सांभाळतात आणि दोघे निवडलेले जनावर घोड्याच्या समोर वळवत राहतात. हे मदतनीस बहुधा त्याच स्पर्धेतील प्रतिस्पर्धी प्रशिक्षक असतात, ही या क्रीडेची आवर्जून नोंदवावी अशी रीत आहे. प्रत्येक परीक्षक ६० ते ८० च्या दरम्यान गुण देतो. जनावर निसटून कळपात गेल्यास ५ गुण, ते अजून घोड्यावर चालून येत असताना स्वाराने त्याला सोडून दिल्यास ३ गुण वजा होतात. स्पर्धेपूर्वी कळप रिंगणात स्थिरावत असताना अनुभवी प्रशिक्षक कठड्याशी बसून एकेक जनावर न्याहाळतो आणि कोणते शांत, कोणते भित्रे, कोणते उगाच धावणारे, हे स्मरणात ठेवतो.

व्यवसायाचे आजचे रूप घडविणारी घटना रँचवरील नव्हे, स्पर्धेच्या आयोजनातील आहे. १९६२ मध्ये टेक्ससमधील स्वीटवॉटर येथे तीन वर्षांच्या, पूर्वी कधीही स्पर्धेत न उतरलेल्या घोड्यांसाठी फ्युच्युरिटी ही स्पर्धा सुरू झाली. ती पुढे फोर्ट वर्थला गेली. तोवर प्रौढ घोडा वर्षानुवर्षे गावोगावी फिरवून नाव कमावले जाई. आता शिंगरू ठरावीक मुदतीत तयार करण्याला किंमत आली, पैदास करणाऱ्यांचे भांडवल प्रशिक्षकाच्या तबेल्याकडे वळले आणि महिन्याच्या शुल्कावर दुसऱ्यांचे घोडे शिकविणारा पूर्णवेळ प्रशिक्षक हा वर्ग दृढ झाला.

पहिल्या फ्युच्युरिटीत मनीज ग्लो या घोड्यावर विजयी झालेले बस्टर वेल्च (१९२८–२०२२) हे या वर्गाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. पश्चिम टेक्ससमध्ये वाढलेल्या वेल्च यांनी कोवळ्या वयात मिडलंड भागातील फॉय व लेनर्ड प्रॉक्टर या बंधूंच्या हाताखाली गुरांचे काम केले. मॅरियन्स गर्ल या घोडीवर त्यांनी १९५४ व १९५६ ची, तर मिस्टर सॅन पेपी या घोड्यावर १९७४ व १९७६ ची जागतिक विजेतेपदे मिळविली. फ्युच्युरिटी त्यांनी एकूण पाच वेळा जिंकली. त्यांतील शेवटचा विजय १९७७ मध्ये पेपी सॅन बॅजर या घोड्यावरचा. हा घोडा आणि मिस्टर सॅन पेपी हे दोघेही दक्षिण टेक्ससमधील किंग रँचच्या पैदाशीचे आधार ठरले, त्यामुळे वेल्च यांचा प्रभाव रिंगणापुरता राहिला नाही. १९८० मध्ये लिंडी बर्च यांनी मिस रॉयल महॉगनी या घोडीवर ही स्पर्धा जिंकली. खुल्या गटात ती जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

प्रशिक्षण साधारणपणे शिंगरू दोन वर्षांचे असताना सुरू होते. आरंभी तोंडात सांध्याची साधी कडी किंवा नाकावरून जाणारा कडीविरहित हॅकमोर वापरतात. थांबणे, मागे सरणे आणि मागच्या पायांवर भार घेऊन वळणे या तीन गोष्टी पक्क्या झाल्यावर घोड्याला गोल रिंगणात संथ जनावरासमोर उभे करतात. जनावर थांबले की थांबायचे, वळले की त्याच्यासोबत वळायचे. घोडा पुढे निघून गेला तर प्रशिक्षक त्याला थांबवून मागे घेतो, मागे राहिला तर टाचेने घाई करवितो. येथे घोड्याला चूक करू देणे आवश्यक असते. प्रत्येक चूक लगामाने आधीच अडविणाऱ्या स्वाराचा घोडा घरी निर्दोष दिसतो, पण स्पर्धेत हात खाली गेल्यावर गोंधळतो. हे धैर्य हीच चांगल्या प्रशिक्षकाची खरी कसोटी आहे. गुरे काही वेळा वापरली की सुस्तावतात आणि ताजी गुरे महाग पडतात, म्हणून दोरीवर यंत्राने इकडेतिकडे सरकणारे फडके वापरतात. त्याने पाय व दम तयार होतात. जनावराच्या मनातले ओळखणे मात्र जनावराकडूनच शिकावे लागते.

प्रशिक्षक होण्यासाठी बंधनकारक परवाना नाही. उमेदवार एखाद्या तबेल्यात लोपर म्हणून लागतो, स्पर्धेपूर्वी घोडे तासन्‌तास संथ दौडवून शांत करतो, मग साहाय्यक होतो. पुढे प्रशिक्षकाच्या उत्पन्नात अध्यापनाचा वाटा वाढत जातो. कारण घोडे पाठविणाऱ्या मालकांपैकी अनेकांना स्वतः नॉन-प्रो गटात उतरायचे असते. मोबदला घेऊन घोडे शिकविणाऱ्यांना या गटात प्रवेश नसतो व स्पर्धक स्वतःच्या मालकीचा घोडा आणतो. मराठी वाचकाला हा भेद शिलेदार व बारगीर यांच्यावरून लवकर उमजेल. शिकविताना प्रशिक्षक स्वाराच्या बैठकीवर भर देतो : घोडा थांबताना स्वाराने खोगिरात खोल बसावे, पुढे वाकू नये, खोगिराचे शिंग धरून तोल राखावा आणि नजर जनावरावरून हलवू नये. घोड्याला उमगलेले स्वाराला उमगविणे अधिक कठीण.

लहान वयातील प्रशिक्षणावर आक्षेप घेतले जातात. तीन वर्षांच्या घोड्याची हाडे पूर्ण पक्व झालेली नसतात आणि या कामाचा ताण मागच्या पायांच्या सांध्यांवर विशेष पडतो. उलट, बेताचा व्यायाम वाढत्या वयातील हाडांना बळकटी देतो, असे शर्यतीच्या घोड्यांवरील अभ्यासांच्या आधारे सांगितले जाते. हे निष्कर्ष कटिंगला जसेच्या तसे लागू करणे योग्य दिसत नाही, कारण सरळ धावणे आणि अचानक थांबून वळणे यांतील ताण भिन्न आहेत.

अमेरिकेबाहेर ही क्रीडा कॅनडा, ब्राझील, इटली आदी देशांत पोहोचली आहे. ऑस्ट्रेलियात तिची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था असून तेथील फ्युच्युरिटी टॅमवर्थ येथे भरते.