श्रद्धा कोणत्या बाजूची? कर्तव्य, परिणाम आणि 1785 सालची दोन पुस्तकं

नीतिशास्त्राची तोंडओळख करून देताना एक सोयीची विभागणी केली जाते. कर्तव्यवादी म्हणतो, काही गोष्टी करायच्याच आणि काही करायच्याच नाहीत, मग पुढे काहीही होवो. परिणामवादी म्हणतो, कृती बरी की वाईट हे तिच्यातून निपजणाऱ्या हितावरून ठरवा. धर्म आज्ञा देतो, म्हणून श्रद्धाळू माणूस पहिल्या गटातला आणि हिशेब मांडणारा बहुधा नास्तिक, अशी समजूत यातून आपोआप होते. इतिहासात मात्र याच्या उलट दाखले सापडतात, आणि तेही मोक्याच्या जागी.

1785 साली दोन पुस्तकं निघाली. एक इमॅन्युएल कांटचं, नैतिकतेच्या तत्त्वमीमांसेची पायाभरणी करणारं. पायटिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्या भक्तिपर पंथाच्या, कट्टर धर्मनिष्ठ घरात वाढलेल्या कांटने त्यात ठामपणे सांगितलं की नैतिक नियम ईश्वराच्या इच्छेवर उभा करता येत नाही. ईश्वर चांगला आहे हे ओळखायलाच आधी नीतीची जाण लागते. ती वगळली तर उरते ती केवळ सत्तेची आणि सूडाची भीती. दुसरं पुस्तक विल्यम पेली या इंग्लिश धर्मगुरूचं. त्याचं म्हणणं असं: ईश्वराला आपल्या लेकरांचं सुख हवं आहे, म्हणून ज्या कृतीने एकूण सुख वाढतं ती ईश्वराची इच्छा. हे पुस्तक केंब्रिजमध्ये कित्येक दशकं शिकवलं गेलं. उपयुक्ततावादाचा (एकूण सुख वाढवेल ती कृती योग्य, या मताचा) जनक मानल्या जाणाऱ्या जेरेमी बेंथमचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला 1789 साली, म्हणजे उपयुक्ततावाद इंग्लंडच्या विद्यापीठात शिरला तो पाद्र्याचा झगा घालून. कर्तव्याचा कैवारी देवाला पायातून काढतोय आणि हिताचा हिशेब मांडणारा त्याच पायावर इमारत चढवतोय!

वाद अर्थातच त्याहून कितीतरी जुना. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो, पवित्र गोष्ट देवांना आवडते म्हणून पवित्र, की पवित्र आहे म्हणून आवडते? इस्लामी परंपरेत मुतझिला पंथाचं मत होतं की बरंवाईट बुद्धीला कळू शकतं. अल-अशअरीच्या (874–936) अनुयायांनी ते ईश्वराच्या आज्ञेवर सोपवलं. युरोपात थॉमस अक्विनास (नीती बुद्धीला कळते) आणि ओकमचा विल्यम (ती ईश्वराच्या इच्छेवर ठरते) या मध्ययुगीन विचारवंतांत असंच अंतर आहे.

मला मात्र यात सर्वांत बारकाईचं काम वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचं वाटतं. त्यांची श्रद्धा वेदावर होती; वेदाचा कर्ता म्हणून ईश्वर त्यांना लागत नव्हता. त्यांचा प्रश्न असा की विधिवाक्य, म्हणजे ‘हे करावं’ असं सांगणारं वेदवाक्य, माणसाला कृतीकडे नेतं ते कशाच्या बळावर? प्रभाकराचं उत्तर: ‘हे करायचं आहे’ या जाणिवेच्याच बळावर, फळाच्या ओढीने नव्हे. मंडनमिश्राचं उत्तर: ही कृती इष्ट फळाचं साधन आहे हे विधीतून कळतं, म्हणून माणूस हलतो. कुमारिलभट्टाचं ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’ (हेतू असल्याशिवाय मंदबुद्धीसुद्धा कामाला लागत नाही) हे वचन आजही सहज तोंडी येतं. आता श्येनयाग घ्या, शत्रूच्या नाशासाठी सांगितलेला. वेदात आहे, तर मग तो कर्तव्य का नाही? भाष्यकार शबराचं म्हणणं, ज्याला मारायचंच आहे त्याला वेद उपाय सांगतो. मार असं सांगत नाही. म्हणजे ग्रंथप्रामाण्य पूर्ण मानूनही आज्ञा, इच्छा आणि परिणाम यांची वाटणी बुद्धीलाच करावी लागली.

ख्रिस्ती विचारात अशीच वाटणी बिशप होण्याआधीच्या जॉर्ज बर्कलीने 1712 साली केली. ईश्वराचं ध्येय सर्वांचं कल्याण. पण प्रत्येकाने प्रसंगी आपापला हिशेब करायचा म्हटलं तर चुका ठरलेल्या, म्हणून माणसाने ठरलेले नियमच पाळावेत. वर परिणामवाद, खाली कर्तव्यवाद. आजचे नियमाधिष्ठित उपयुक्ततावादी जवळपास हेच सांगतात, फक्त वरचा मजला रिकामा ठेवून.

कांटनेही देवाला कायमचं घराबाहेर काढलं नाही. 1788 च्या ग्रंथात ईश्वर आणि आत्म्याचं अमरत्व परत येतात, पण गृहीतकं म्हणून. सद्गुणी माणसाच्या वाट्याला सुख येईलच याची हमी या जगात नाही. ती आशा टिकायची तर ही गृहीतकं धरावी लागतात. कर्तव्याला कारण म्हणून श्रद्धा नको, कर्तव्य करणाऱ्याची उमेद टिकावी म्हणून हवी. प्रशियाच्या राजाला ही बारीक रेघ पटली नाही. 1794 साली कांटला ताकीद मिळाली आणि राजा जिवंत असेतो त्याने धर्मावर लिहिणं थांबवलं.

परिणामवादाला देव सोडणं कांटपेक्षा महाग पडलं असं माझं मत. बेंथमचा उपयुक्ततावाद पुढे नेणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिलने 1861 मध्ये ‘हे निरीश्वर मत आहे’ या आरोपाला उत्तर देताना येशूचा सुवर्णनियम (इतरांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच त्यांच्याशी वागा) हाच उपयुक्ततेचा आदर्श असल्याचं सांगितलं. पण पेलीकडे जी तजवीज होती ती मिलकडे नव्हती: दुसऱ्यासाठी मी स्वतःचं सुख का सोडावं? पेली परलोकाकडे बोट दाखवून मोकळा होत असे. उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ हेन्री सिजविकला ही पळवाट नको होती. धर्ममतांवर सही करणं प्रामाणिकपणाला धरून होत नाही म्हणून त्याने 1869 मध्ये केंब्रिजची फेलोशिप सोडली. 1874 च्या ग्रंथात त्याने कबूल केलं की स्वहित आणि सर्वहित हे दोन्ही बुद्धीला पटतात, आणि ईश्वर किंवा तत्सम न्यायव्यवस्था गृहीत धरल्याशिवाय त्यांचा मेळ बसत नाही. 1882 मध्ये हाच माणूस मृत्यूनंतरच्या अस्तित्वाचा पुरावा शोधणाऱ्या मानसिक संशोधन संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला, यात मला विक्षिप्तपणा दिसत नाही.

मराठीत ही चर्चा टिळकांच्या ‘गीतारहस्या’ने (1915) आणली. मिलचा सुखवाद अपुरा का, कर्त्याची बुद्धी बाह्य परिणामापेक्षा वरचढ का, हे त्यांनी कांट आणि इंग्लिश तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांना सोबत घेऊन मांडलं.

1958 साली एलिझाबेथ अँस्कम या कॅथलिक तत्त्वज्ञ बाईंनी दोन्ही गटांना झोडपलं. ईश्वर हा नियम देणारा न मानता नैतिक ‘बंधन’ तेवढं शिल्लक ठेवणं निरर्थक, असा त्यांचा आक्षेप. आणि परिणामांसाठी निरपराध्याला मारणं विचारार्थ घेणाऱ्यांशी वाद घालायलाही त्या तयार नव्हत्या. उलट 1966 मध्ये जोसेफ फ्लेचर या ख्रिस्ती धर्मगुरूनेच प्रेमाच्या नावाने नियम बाजूला ठेवायची मुभा दिली. पुढच्याच वर्षी तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी ट्रॉलीचं प्रसिद्ध उदाहरण दिलं (सुसाट ट्रॉली पाच जणांवर जाऊ द्यायची, की एकच माणूस असलेल्या रुळावर वळवायची?), तेही अक्विनासपर्यंत मागे जाणाऱ्या द्विविध परिणामाच्या (हेतूने केलेली हानी आणि केवळ आधी दिसणारी हानी यांत फरक करणाऱ्या) कॅथलिक सिद्धांताची तपासणी करताना.

ट्रॉली पुढे मानसशास्त्राच्या प्रयोगांत शिरली. ईश्वराच्या आज्ञेवर नीती उभी आहे असं मानणारे लोक हिशेबी उत्तर कमी वेळा देतात, असं काही अभ्यासांत आढळलं आहे. निष्कर्ष खोटा म्हणायचं कारण नाही. पण या प्रश्नावलीत परिणाम म्हणजे रुळावरचे पाच जीव आणि एक जीव, एवढेच. उत्तर देणाऱ्याच्या हिशेबात परलोक असेल, किंवा बर्कलीसारखा ‘माझा अंदाज चुकेल’ हा अविश्वास असेल, तर तो परिणामांचाच विचार करून ‘नाही’ म्हणेल, आणि प्रयोगकर्ता त्याची नोंद कर्तव्यवादी म्हणून करेल.